मागे किती?

हेलिकॉप्टर तुकडीचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, ते बहुधा दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. मी छावणीच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. आयुष्यात एक तासही कोणाला शिकवलेलं नाही, तरी सगळे मला मास्तर म्हणतात. चष्मा आणि पडलेले खांदे पाहून म्हणत असावेत. निवृत्त झाल्यावरही मी सवयीने वाचनालयात जाऊन बसत असे. तिथे एका सकाळी तुकडीचे प्रमुख, सीओ साहेब आले, पुस्तक परत केलं आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या तुकडीला पन्नास वर्षं होतायत. पुस्तक काढायचंय. तुम्ही लिहा." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो. माझं नेहमी असंच होतं.

घरी बायको हसली. "दुधात पाणी फार असतं हे दूधवाल्याला सांगायला तुमची जीभ उचलत नाही, आणि तुम्ही त्या मेजर-कर्नलांना प्रश्न विचारणार?"

तिचं खरं होतं. पण काम स्वीकारलं होतं.

मला हेलिकॉप्टरं ठेवायच्या हँगरला लागून एक खोली मिळाली. टेबल, दोन खुर्च्या, कपाट आणि मैदानाकडे उघडणारी खिडकी. इंजिन सुरू झालं की खिडकीची काच थरथरायची आणि चहावर बारीक वर्तुळं उमटायची. खोलीला कायम इंधनाचा वास. पहिले काही दिवस डोकं दुखलं. पुढे रविवारी घरी त्या वासावाचून चुकल्यासारखं वाटू लागलं.

माणसं बोलू लागली. मी फारसा बोलत नाही याचा एकच फायदा असतो. समोरच्याला ती शांतता सोसत नाही आणि तो बोलायला लागतो. तंबूंत काढलेला पहिला हिवाळा, पुरात छपरांवरून उचललेली माणसं, डोंगरावरच्या चौक्यांना पोचवलेलं पीठ, पत्रं आणि औषधं असं सगळं कळत गेलं. एका वरच्या साहेबांनी डोंगरावरच्या मेससाठी कोंबड्या पाठवल्याची गोष्ट तर मला चार जणांनी चार वेळा सांगितली. पायलटने विचारलं, "मागे किती?" दारावरच्या जवानाने गंभीरपणे उत्तर दिलं, "मागे अकरा. सगळ्या कोंबड्या. उचला, साहेब."

या गोष्टीवर सगळे हसायचे, आणि मी हसून झाल्यावर विचारायचो, "पण तो जवान धरून बारा नाही का?"

तेव्हा मला ती रीत समजली. हेलिकॉप्टरच्या मागच्या दारात एक जवान असतो. माणसं चढवणं, उतरवणं, शेपटीचा पंखा कशाला लागत नाही ना ते पाहणं, ही त्याची कामं. पायलटला पुढून मागचं नीट दिसत नाही. म्हणून जमीन सोडण्याआधी तो हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर विचारतो, "मागे किती?" आणि दारावरचा जवान मोजून उत्तर देतो. कोंबडी धरायची, पण स्वतःला धरायचं नाही. त्याचं वजन आधीच हेलिकॉप्टरच्या वजनात धरलेलं असतं. हिशेबापुरता तो माणूस नसतो, यंत्राचा भाग असतो.

मला ही रीत फार आवडली. मी ती पहिल्या प्रकरणात घातली.

हँगरच्या मागच्या अंगाला शिवणखोली होती. सीटची कव्हरं, पट्टे, हेल्मेटच्या पिशव्या असं सगळं तिथे एक बाई शिवायच्या. पन्नाशी उलटलेल्या, बारीक, हाताची बोटं जाड दोऱ्याने कापून कापून राठ झालेली. सीओंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ताई म्हणत. एकदा माझ्या पिशवीचा बंद तुटला म्हणून मी तिथे गेलो. बंद शिवता शिवता त्यांनी वर न बघता विचारलं, "मास्तर, माझा दादा पुस्तकात कुठल्या पानावर येतो?"

मला काही बोध होईना. तेव्हा त्यांनीच सांगितलं, दोरा दाताने तोडून.

त्यांचा मोठा भाऊ याच तुकडीत दारावरचा जवान होता. ताई तेव्हा शाळेत होत्या. डोंगरावरच्या एका चौकीवर दरड कोसळली आणि तिथले चारही जण जखमी झाले. हेलिकॉप्टर वर गेलं, चौघांना आत घेतलं, पण उचललं जाईना. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, यंत्राला धाप लागते. एकदा ते थोडं उठलं आणि परत बसलं. पायलटने पुन्हा विचारलं, "मागे किती?" उत्तर आलं, "मागे चार. उचला, साहेब." त्याने उचललं. या वेळी ते अलगद उठलं. खाली येऊन दार उघडलं तेव्हा आत चारच माणसं होती. दारावरचा जवान नव्हता.

इंटरकॉमची वायर लांब असते. बाहेर जमिनीवर उभं राहूनही बोलता येतं. तो उतरून बोलला असणार आणि मग त्याने वायर काढली असणार. आकडा बरोबरच होता. तो स्वतःला धरतच नव्हता.

लगेच ढग उतरले. दुसऱ्या दिवशी तिथे पोचता आलं तेव्हा एका दगडावर त्याचं हेल्मेट होतं, आत वायर नीट गुंडाळून ठेवलेली. बाकी सगळं बर्फ. तो कधीच सापडला नाही. चौकशीत ठरलं की त्याने हुकुमाशिवाय हेलिकॉप्टर सोडलं. त्यामुळे आवारातल्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाही.

"लोक दोन गोष्टी सांगतात," ताई म्हणाल्या. "एक, तो घाबरून पळाला. पळून जाणार कुठे हो? बर्फात? दुसरी, वजन होत होतं म्हणून पायलटने त्याला उतरवलं. पोतं उतरवावं तसं. पायलटसाहेब मरेपर्यंत नाही म्हणत राहिले. पण आई तेच धरून गेली. माझ्या पोराला कोणीतरी नको म्हटलं, म्हणायची."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तो आपण होऊन उतरला. पण ते मी कोणाला सांगत नाही. मला बरं वाटावं म्हणून मीच रचलं असेन." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तो गेला त्याचं रडून झालंय, मास्तर. त्याला कोणी नको म्हटलं का, एवढं कळायला हवं होतं. तुम्ही लिहाल ते खरं लिहा. नाहीतर राहू दे. दगडावर नाही तसा कागदावर नाही."

मी खोलीत येऊन ते पान काढलं. 'जवान तिथे उतरला' असं लिहिलं, खोडलं. 'उतरवला' असं लिहिलं, तेही खोडलं. सगळा वाद एका 'व'चा होता, आणि तो 'व' लिहिण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? चौघे जखमी बेशुद्ध होते. वजन वाचवायला त्या दिवशी सहवैमानिक नेला नव्हता, आणि पायलट आता हयात नव्हता. मी ती ओळ मोकळी सोडली.

त्याच आठवड्यात मी ते पहिल्यांदा ऐकलं.

हँगरसमोर एका हेलिकॉप्टरचं इंजिन तपासत होते. तुकडीतला एक जुना मिस्त्री होता, त्याच्या हातात कायम पाना, म्हणून त्याचं नावच पाना पडलेलं. त्याने मला हौसेने बाहेरच्या वायरीला जोडलेलं हेल्मेट घातलं. "ऐका, मास्तर, पुस्तकात घालायला बरं पडेल." दार सताड उघडं होतं. मागच्या सीट मला स्पष्ट दिसत होत्या, त्यांच्यावर ऊन पडलं होतं. पुढे पायलटच्या सीटवर तुकडीतले एक मेजर बसले होते. ते आकडे वाचत होते, आणि सगळं झाल्यावर सवयीने म्हणाले, "मागे किती?"

"मागे कोणी नाही."

आवाज शांत होता, जरा घोगरा. 'म' उच्चारताना ओठ नीट मिटत नसावेत असा. थंडीने तोंड बधिर झालं की आपण बोलतो तसा.

इंजिन बंद झाल्यावर मी मेजरांना म्हटलं, "तुमच्या सहवैमानिकांना सर्दी झालेली दिसते."

मेजरांनी हेल्मेट काढलं. "तपासणीला सहवैमानिक नसतो, मास्तर. मी एकटाच होतो." मग ते हातमोजे काढत निघून गेले.

पाना हेल्मेट पुसत होता. "पडलं होय कानावर?" तो म्हणाला. "पडतं एखाद्याच्या."

"कोण होतं ते?"

"तुम्हीच ऐकलंत ना? कोणी नाही म्हणाला." तो हसला नाही. "हेलिकॉप्टरं बदलली, मास्तर. वायरी नव्या, खोकी नवी. मी स्वतः उघडून पाहिलीत. रिकामं नेताना कोणी चुकून विचारलं, तर उत्तर येतं. आणि कधी चुकीचं येत नाही. म्हणून कोणी तक्रारही करत नाही. तक्रार काय लिहायची?"

मी घरी गेलो. माझा स्वतःच्या कानांवर विश्वास नाही, तसा माझा माझ्या कशावरच फारसा नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन कान तपासून घेतले. वयाच्या मानाने उत्तम आहेत म्हणाले. बायको म्हणाली, "मग मी हाक मारते तेव्हा कुठे जातात?"

त्यानंतर मी आणखी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा भर दुपारी, दोन्ही वेळा मागे रिकामं. "मागे कोणी नाही." ते उत्तर ऐकताना अंगावर काटा यायचा तो आवाजामुळे नाही. तो खोटं बोलत नव्हता. तो फक्त रीतीप्रमाणे स्वतःला धरत नव्हता. इतकी वर्षं.

ताईंना सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी शिवणखोलीत जाऊन चाचरत बोलायला लागलो, तर त्यांनी मशीन थांबवलं.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "कानावर आलंय. पण मला कोणी हेल्मेट घालू देत नाहीत. मी रडेन म्हणून घाबरतात मेले. एवढाल्या डोंगरांवर जातात आणि एका बाईच्या रडण्याला घाबरतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही सीओ साहेबांना विचाराल? मला एकदाच मागे बसू द्या म्हणावं. मला त्याला एवढंच विचारायचंय."

असल्या कामाला माझ्याइतका अयोग्य माणूस सापडला नसता. तरी मी गेलो. काय बोललो ते आठवत नाही. 'शास्त्रीय दृष्ट्या' हा शब्द मी उगाच तीन-चार वेळा वापरला एवढं आठवतं. सीओ साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर, तुम्ही मला हे विचारलंत हे मी ऐकलेलं नाही."

मी उठलो.

"बसा. शनिवारी कुटुंबीयांचा दिवस आहे. घरच्यांना हेलिकॉप्टरमधून फेरी मारून आणतात. ताई घरच्याच आहेत. तुम्हीही बसा बरोबर." थोड्या वेळाने म्हणाले, "पुस्तक सोमवारी छापायला जायचंय. ती ओळ अजून मोकळीच आहे का?"

"हो, साहेब."

"मोकळी जाऊ देऊ नका."

शनिवारी सकाळी मैदानावर मुलंबाळं, बायका, सरबताचे पेले, गोंगाट. आमची फेरी सगळ्यांत शेवटची होती. ताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. इतकी वर्षं त्या या हेलिकॉप्टरांच्या सीट शिवत होत्या, पण त्यांवर कधी बसल्या नव्हत्या. बसताना त्यांनी हाताने शिवण चाचपली. "ही माझीच," म्हणाल्या.

पुढे मेजर आणि सहवैमानिक. दारावरचा जवान चढू लागला तेव्हा मेजर त्याला म्हणाले, "तू खालीच थांब." त्याने आमच्याकडे पाहिलं, दार बाहेरून लावलं आणि मागे सरला.

मागे आम्ही दोघंच. कानांवर हेल्मेट. पंखे फिरू लागले, सगळं अंग बारीक थरथरू लागलं.

"मागे किती?" मेजर म्हणाले.

"मागे दोन. उचला, साहेब."

ताईंचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांनी तो दाबला नाही, सैल केला. चेहऱ्यावर भीती नव्हती. गर्दीत ओळखीचं माणूस पाठमोरं दिसावं, तसं काहीतरी होतं.

आम्ही वर गेलो. मैदान तिरकं झालं, हँगरचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकून गेलं. मी ताईंकडे बघत होतो. त्यांनी तोंडापुढचा माइक दोन बोटांनी धरला. घरात पलीकडच्या खोलीत बोलावं, तितक्या साध्या आवाजात त्या बोलल्या.

"दादा, मी आहे. तुला उतरवलं, की तू उतरलास?"

कानात नुसती घरघर.

पुढच्या दोघांनी मान वळवली नाही.

"आईला फार लागून राहिलं होतं रे," ताई म्हणाल्या. "तू सांग. काही असलं तरी चालेल."

घरघर.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक गोल आखलेला आहे. प्रत्येक फेरी तिथे एकदा टेकते, वळते आणि परत येते. आम्हीही टेकलो. गवत आडवं झालं. ताईंनी माइक सोडून दिला होता आणि हात मांडीवर ठेवले होते.

मेजर एरवी खणखणीत बोलत. या वेळी त्यांनी घसा साफ केला.

"मागे किती?"

काही नाही.

"मागे..." तो आवाज आला आणि थांबला. मोजणारा माणूस चुकला की थांबतो तसा. "मागे तीन."

पुढचं 'उचला, साहेब' आलं नाही.

मेजर सीटवरून जमेल तितके वळले. त्यांनी ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्या समोरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. आकडा जुळला नाही तर उचलायचं नाही, हा नियम मीच दुसऱ्या प्रकरणात लिहिला होता.

"ठीक," मेजर म्हणाले. "मागे तीन."

त्यांनी उचललं. जाताना जितकं सहज उठलं होतं, तितकं या वेळी उठलं नाही.

परतीच्या वाटेवर ताईंनी पुन्हा विचारलं नाही.

पुस्तकात त्या जागी आता 'तो स्वतःहून उतरला' अशी ओळ आहे. स्मारकाच्या दगडावर नाव कोरण्याचं काम त्यावरून मंजूर झालं. पुरावा काय, असं मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर माझ्याकडे जे आहे ते एवढंच.

आम्ही हँगरसमोर उतरलो तेव्हा पंखे फिरत होते. खालच्या जवानाने दार उघडलं. हेलिकॉप्टरच्या चाकांना धक्के झेलणारे दांडे असतात. माणूस उतरला की त्याच्या भाराएवढे ते सुटतात आणि यंत्र बोटभर वर येतं. ताई उतरल्या. ते वर आलं. त्यांच्यामागून मी उतरलो. पुन्हा वर आलं. जवानाने दार लावायला हात पुढे केला.

मेजर आतून त्याला हाताने थांबवत होते.

आम्ही वाकून पंख्यांच्या कक्षेबाहेर गेलो आणि मी वळून पाहिलं. दार उघडं होतं. मागे कोणी नव्हतं. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं, कोणी हात धरून ओढत नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही.

मग हेलिकॉप्टर तिसऱ्यांदा बोटभर वर आलं.

ताईंनी मागे पाहिलं नव्हतं. त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या, उडालेले केस सारखे करत. इंजिन बंद झालं, पंखे मंदावत गेले आणि एकदम सगळीकडे शांत झालं.

"चला, मास्तर," त्या मला म्हणाल्या.

आणि थोडं थांबून, मान न वळवता, अगदी हळू,

"चल."